जुन्या कॉन्फिगसह नवा कर्नल

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत आमच्या घरी इंटरनेटची लाइन पुढच्या खोलीत येते आणि संगणक मागच्या खोलीत आहे. मधे जुनी दगडी भिंत. ती फोडून वायर टाकायला घरात कुणाचीच तयारी नव्हती, म्हणून नांदेडहून यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल आणला. संगणकावर उबुंटू २२.०४ हे लिनक्स आहे. डोंगल लावला आणि काहीच झालं नाही, वायफायचं चिन्हसुद्धा उमटलं नाही. टर्मिनलची तोंडओळख मला मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’च्या मराठी धड्यांमुळे झाली होती. तेवढ्या शिदोरीवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली. यादीत रिअलटेकचं नाव आणि ‘०बीडीए:सी८११’ असा क्रमांक आला. म्हणजे काहीतरी जोडलं आहे एवढं संगणकाला कळत होतं, त्याच्याशी बोलायचं कसं ते कळत नव्हतं.

उपकरणाशी बोलणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात आणि लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, हे तेव्हा समजलं. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क, सगळ्यांचा कारभार त्याच्याकडे. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला आणि आज जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात. माझ्या संगणकावरचा कर्नल ५.१५ होता. डोंगलमधली चिप ‘८८२१सीयू’. या मालिकेतल्या यूएसबी चिप्सचा ड्रायव्हर जर्मनीतल्या पेंगुट्रॉनिक्स कंपनीच्या साशा हाउअर यांनी लिहिला आणि तो फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलमध्ये पहिल्यांदा दाखल झाला. माझा कर्नल त्याच्या आधीचा. डोंगल चांगलाच होता, नवा कर्नल हवा होता.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. उबुंटू स्वतःच २२.०४ साठी ६.८ हा तयार कर्नल देतं. एक पॅकेज बसवलं की काम होतं. ज्याला फक्त वायफाय चालू करायचं आहे त्याने तेच करावं. पण मला आता वेगळीच ओढ लागली होती. रोज ज्याच्या भरवशावर मी मजकूर टाइप करतो तो गाभा मुळापासून बांधतात कसा, हे एकदा स्वतः करून पाहायचं होतं. म्हणून कर्नल डॉट ऑर्गवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या आणि दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या ६.६ मालिकेचा सोर्स कोड उतरवला. दाबून लहान केलेला गठ्ठा सुमारे १४० एमबीचा. यूएसबी केबलने जोडलेल्या मोबाइलच्या इंटरनेटवर तो हळूहळू उतरत होता आणि मी तेवढ्यात ‘मेक मेनूकॉन्फिग’ या आज्ञेबद्दल वाचत होतो.

‘मेनूकॉन्फिग’ म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं आणि काय वगळायचं हे ठरवण्याची निळी पाटी. ती उघडायच्या आधीच फ्लेक्स नाही, बायसन नाही, एनकर्सेस नाही अशा तक्रारी आल्या. एकेक पॅकेज बसवल्यावर पाटी उघडली. मी वरून सुरुवात केली. प्रोसेसर कुठला, टायमर कसा, मेमरीची पानं कशी वाटायची. प्रत्येक ओळीत शिरलं की आत आणखी ओळी, त्यांच्या आत आणखी. दुपार गेली तरी पहिल्या दोन मेनूंच्या बाहेर मी पडलो नव्हतो आणि दिलेल्या उत्तरांपैकी कशाचीच खात्री नव्हती. भाचा नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, हे सगळं तुम्ही कशाला ठरवायलाव? तुमचा आत्ताचा कर्नल चालू आहे की. त्याची उत्तरं लिहिलेली फाइल बूट फोल्डरमधी पडलेली असती. ती उचला आन् नव्यात टाका.”

खरोखरच बूट फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग-५.१५’ने सुरू होणारी एक फाइल होती. उबुंटूने कर्नल बांधताना दिलेलं प्रत्येक उत्तर तिच्यात होतं. ती ६.६ च्या सोर्स फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ या नावाने ठेवायची असते. मी कॉपीची आज्ञा दिली, फोल्डरची यादी मागितली, तर फाइल कुठेच नाही. पुन्हा कॉपी केली, पुन्हा नाही. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की लिनक्स ती फाइल नेहमीच्या यादीत दाखवत नाही, यादी मागताना ‘-ए’ जोडावं लागतं, हे भाच्याला पुन्हा फोन केल्यावर कळलं. (काही कर्नल आपली ही उत्तरं चालू असतानाही ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’ या फाइलीतून दाखवतात. पण तशी सोय ते बांधतानाच निवडलेली असेल तरच. बूटमध्ये फाइल सापडली नाही तर तिथे पाहावं.)

ती फाइल मी उघडून बसलो. दहा हजारांहून जास्त ओळी. प्रत्येक ओळीत एका सोयीचं नाव आणि पुढे ‘वाय’ किंवा ‘एम’, कुठे आकडा, कुठे अवतरणात मजकूर. ‘वाय’ म्हणजे ती सोय कर्नलच्या अंगातच भरलेली. ‘एम’ म्हणजे मॉड्यूल, वेगळा ठेवलेला तुकडा, लागेल तेव्हा आत घेतला जाणारा. उबुंटूच्या फाइलीत ‘एम’चा सुकाळ आहे. कुणाच्या घरी कुठलं उपकरण असेल ते कंपनीला माहीत नसतं, म्हणून सगळ्यांचे ड्रायव्हर तुकड्यांच्या रूपात सोबत दिलेले. आणि मधेमधे ‘अमुक इज नॉट सेट’ अशा, हॅशचं चिन्ह लावलेल्या ओळी. प्रोग्राममध्ये हॅशपुढची ओळ म्हणजे माणसांसाठीचा शेरा, यंत्र ती वाचत नाही, असं मी शिकलो होतो. म्हणून फाइलीची एक वेगळी प्रत काढून तिच्यातून त्या ओळी पुसल्या आणि काय होतं ते पाहिलं. कर्नल ते सगळे प्रश्न नव्याने विचारू लागला. इथे हॅशची ओळही उत्तरच असते. ‘नको’ हे ठरवलेलं आहे, असं ती सांगते. ओळच नसेल तर त्या प्रश्नाचा निर्णय झालेलाच नाही.

मग मूळ, न छेडलेली फाइल जागेवर ठेवून ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवलं. जुन्या फाइलीत ज्यांची उत्तरं आहेत ते प्रश्न ही आज्ञा गुपचूप पुढे नेते आणि ५.१५ नंतर जे नवे आले तेवढेच विचारते. प्रत्येक प्रश्नापुढे कंसात अक्षरं येतात, एन, एम, वाय आणि प्रश्नचिन्ह, आणि शेवटी ‘न्यू’ हा शिक्का. जे अक्षर मोठ्या लिपीत ते ठरलेलं उत्तर, नुसतं एंटर दाबलं की तेच धरलं जातं. प्रश्नचिन्ह दिलं की माहिती उघडते. तिच्या शेवटी बहुधा असा सल्ला असतो की खात्री नसेल तर अमुक म्हणा. कर्नल लिहिणाऱ्यांनी माझ्यासारख्याचा विचार केलेला पाहून फार बरं वाटलं. मी प्रत्येक प्रश्नाला प्रश्नचिन्ह देऊन वाचत होतो, समजेल तेवढं वहीत टिपत होतो. ५.१५ ते ६.६ हे दोन वर्षांचं अंतर आहे, प्रश्न संपता संपेनात. आणि लाईट गेली.

लाईट आल्यावर आज्ञा पुन्हा चालवली तर पहिला प्रश्न पुन्हा समोर. ‘ओल्डकॉन्फिग’ सगळे प्रश्न संपल्यावरच फाइल लिहितं. मधे थांबलं तर दिलेलं एकही उत्तर उरत नाही. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून दुसरी वाट शोधली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी चांगली निघाली. ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ काही न विचारता सगळ्या नव्या सोयींची यादी ठरलेल्या उत्तरांसकट छापतं. ‘मेक हेल्पन्यूकॉन्फिग’ त्यांची माहितीही सोबत देतं. दोन्ही फाइलींत साठवून घेतलं, यादीची प्रिंट काढली आणि मुदखेडमार्गे नांदेडला जाताना गाडीत पेन्सिल घेऊन वाचली. यात एक मेख आहे. काही प्रश्न आधीच्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यावरच उगवतात, ते या यादीत नसतात. पण नव्वद टक्के घाबरणं त्या प्रिंटने कमी केलं.

त्याच प्रिंटवर मला या सगळ्या उद्योगातली सर्वांत महत्त्वाची ओळ सापडली. रिअलटेकच्या ‘आरटीडब्ल्यू८८’ या गटाखाली ८८२१सीई, ८८२१सीयू, ८८२१सीएस अशी जवळजवळ सारखी नावं असतात. शेवटचं अक्षर जोडणीचं: ई म्हणजे संगणकाच्या आतली पीसीआय एक्सप्रेस, यू म्हणजे यूएसबी, एस म्हणजे एसडीआयओ. ‘सीई’ जुन्या फाइलीत आधीपासून ‘एम’ होता, पण तो लॅपटॉपच्या पोटातल्या कार्डासाठी. माझा ‘सीयू’ नव्या यादीत होता आणि त्याच्यापुढे ठरलेलं उत्तर होतं ‘एन’. म्हणजे नाही.

ज्या एका ड्रायव्हरसाठी मी नवा कर्नल बांधायला निघालो होतो, तोच ठरलेल्या उत्तरांनी वगळला गेला असता. ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ नावाची आणखी एक आज्ञा आहे. ती काहीच विचारत नाही, सगळ्या नव्या प्रश्नांना ठरलेलं उत्तर देऊन मोकळी होते. घाई असली की लोक तीच वापरतात, आणि दुरुस्तीपुरत्या छोट्या बदलाला, म्हणजे ६.६ मधल्याच एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना, ती पुरेशीही आहे. पण नव्या उपकरणासाठी कर्नल बदलणाऱ्याने ती डोळे मिटून वापरू नये. नव्या ड्रायव्हरचं ठरलेलं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं, कारण जगातल्या बहुतेक संगणकांना तो नको असतो. मी ‘ओल्डकॉन्फिग’ लाईट असताना सलग चालवलं, प्रिंटवरच्या खुणा पाहत उत्तरं दिली आणि ‘सीयू’पाशी ‘एम’ लिहिलं.

जुनी फाइल तयार मिळाली म्हणजे ती माझ्या मापाची झाली, असं मात्र नाही. वाटेत एक प्रश्न क्रमांकांच्या पर्यायांसह आला होता: डीबगची माहिती किती ठेवायची? २०२२ च्या ५.१८ आवृत्तीपासून हा प्रश्न बहुपर्यायी झाला आहे. कर्नल कोसळला तर नेमका कुठे कोसळला हे शोधणाऱ्या तज्ज्ञांना ती माहिती लागते, म्हणून उबुंटूने ती ठेवलेली असते. पण तिच्यासकट बांधायचं तर फोल्डरला वीस-पंचवीस जीबी सहज लागतात. माझ्या डिस्कवर तेवढी जागाच नव्हती. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर शोभणारं उत्तर माझ्या जुन्या संगणकाला झेपणारं नव्हतं. मी पहिला पर्याय घेतला, माहिती नको.

दुसरा अडथळा बांधणी सुरू झाल्यावर आला. ‘डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम’ ही फाइल कशी बनवायची ते माहीत नाही, असं म्हणून काम थांबलं. हे काय नवीन, म्हणून ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ते नाव शोधलं. कॅनॉनिकल आपल्या मॉड्यूलांवर डिजिटल सही करते आणि सही पडताळायच्या प्रमाणपत्रांचा पत्ता त्यांच्या कॉन्फिगमध्ये लिहिलेला असतो. ती फाइल त्यांच्या सोर्समध्ये असते, कर्नल डॉट ऑर्गच्या सोर्समध्ये नसते. ‘सिस्टीम_ट्रस्टेड_कीज’ आणि ‘सिस्टीम_रिव्होकेशन_कीज’ या दोन ओळींतली नावं काढून अवतरणचिन्हं रिकामी ठेवली की गाडी पुढे जाते. सोर्सच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाचं छोटं साधन आहे, त्याने हा बदल करता येतो. हाताने दहा हजार ओळींत फिरावं लागत नाही. उबुंटूची फाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला हा अडथळा भेटतो, म्हणून तो विस्ताराने सांगितला. ज्यांच्या संगणकात सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कर्नल सुरू होऊ न देणारी सोय, चालू आहे त्यांना स्वतः बांधलेल्या, सही नसलेल्या कर्नलसाठी आणखी खटपट करावी लागते. माझा संगणक त्या काळाच्या आधीचा.

बांधणी खूप वेळ चालते, कारण उबुंटूच्या फाइलीत हजारो मॉड्यूलं आहेत. भाच्याने ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ सुचवलं. स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेली ही सोय २००९ च्या २.६.३२ कर्नलपासून आहे. या घडीला कुठली मॉड्यूलं आत घेतलेली आहेत ते पाहून ती बाकीची सगळी वगळते. वेळ खूप वाचतो. पण ‘या घडीला’ हे शब्द महत्त्वाचे. प्रिंटर त्या वेळी जोडलेला नसेल, पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर त्यांचे ड्रायव्हरही जातात. माझा डोंगल तर अजून चालतच नव्हता, मग त्याचं मॉड्यूल आत असणार कुठून? मी ती वाट घेतली नाही. रात्रभर संगणक चालू ठेवला. पहाटे लाईट गेली तेव्हा धस्स झालं. पण ‘मेक’ प्रत्येक फाइलीची वेळ पाहतं आणि झालेलं काम पुन्हा करत नाही, जिथे राहिलं तिथून उचलतं. वीज जाण्याच्या क्षणी अर्धवट लिहिली गेलेली एखादी फाइल खराब निघू शकते. ती तेवढी पुसून ‘मेक’ पुन्हा चालवायचं.

बांधणी चालू असताना मला एक शंका छळत होती. नवं काय आलं ते ‘ओल्डकॉन्फिग’ने विचारलं, मग जे गेलं त्याचं काय? त्याचं ते काहीच सांगत नाही. कर्नलमधून एखादी सोय काढली गेली असेल तर तिची ओळ फाइलीतून चुपचाप नाहीशी होते. ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्येच ‘डिफकॉन्फिग’ आहे, जुनी आणि नवी फाइल दिली की फरक दाखवतं. उणे चिन्ह म्हणजे गेलेलं, अधिक म्हणजे आलेलं, बाण म्हणजे बदललेलं. माझ्या यादीत उणे चिन्हाखाली डेकनेट होतं, डिजिटल इक्विपमेंट या जुन्या कंपनीची नेटवर्क पद्धत, ६.१ मध्ये काढलेली. ६.४ मध्ये काढलेला ‘स्लॉब’ हा मेमरी वाटपाचा प्रकार होता. माझं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण समजा एखाद्याच्या जुन्या डिस्कवर रायझर एफएस ही फाइली साठवायची जुनी पद्धत असेल आणि तो जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ वर गेला, तर त्याची जुनी फाइल ‘एम’ म्हणत असूनही ती डिस्क वाचता येणार नाही, कारण रायझर एफएस त्या आवृत्तीत काढलं गेलं. आणि ‘ओल्डकॉन्फिग’ याबद्दल एक शब्दही बोलणार नाही.

कधीकधी सोय तीच राहते, नाव बदलतं. मी पुढे याच फाइलीवरून ६.१२ बांधला तेव्हा हे पाहायला मिळालं. प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या उणिवा झाकणाऱ्या सोयींची नावं २०२४ च्या ६.९ आवृत्तीत बदलली, त्यांना ‘मिटिगेशन’ हा शब्द जोडला गेला. जुन्या नावाखाली दिलेलं उत्तर नव्या नावाला लागू होत नाही. सुदैवाने तिथे ठरलेलं उत्तर ‘हो’ आहे. तरीही सुरक्षेशी संबंधित ओळ यादीत गेलेली दिसली की तिचं नवं नाव शोधून उत्तर ताडून पाहायची सवय मी लावून घेतली.

ही प्रश्नोत्तरांची व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली आहे. आज वापरात असलेली प्रश्नांची भाषा, के-कॉन्फिग, २००२ मध्ये रोमन झिपेल यांनी लिहिली. ‘ओल्डकॉन्फिग’ तर त्याच्याही आधीपासून आहे. कुठली सोय कशावर अवलंबून, कुठली घेतली की दुसरी आपोआप येते, हे सगळं त्या भाषेत लिहिलेलं असतं. म्हणून मी ‘सीयू’ला ‘एम’ म्हटल्यावर त्याला लागणारे यूएसबीचे आणि चिपचे सामायिक तुकडे आपोआप निवडले गेले. मला त्यांची नावंही माहीत नव्हती.

‘मेक बिनडेब-पीकेजी’ने शेवटी नेहमीसारखी डेब पॅकेजं तयार झाली. ती बसवली, संगणक पुन्हा सुरू केला. सुरू होताना कुठला कर्नल चालवायचा ते निवडू देणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये दोन्ही कर्नल दिसले, नवा ६.६ आणि जुना ५.१५. नवा चालू झाला. ‘युनेम -आर’ने ६.६ छापलं. डोंगल लावला आणि घरच्या वायफायचं नाव यादीत आलं. चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारा प्रोग्राम, उबुंटूच्या पॅकेजात आधीपासून होतं, त्यासाठी काही करावं लागलं नाही.

कुणी हे करून पाहणार असेल तर तीन गोष्टी सांगतो. जुना कर्नल काढू नका, नवा बिघडला तर ग्रबमधून त्याच्यावर परत जाता येतं. आपली जुळवलेली ‘डॉट कॉन्फिग’ सोर्स फोल्डरच्या बाहेर, पेनड्राइव्हवर ठेवा. तीच पुढच्या कर्नलला लागणार आहे. आणि नव्या प्रश्नांची यादी आधी कागदावर घ्या.

आणखी एक विनंती अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना. कर्नलच्या प्रत्येक प्रश्नाखालचा तो चार-पाच ओळींचा खुलासा इंग्रजीत आहे. डिक्शनरी घेऊन मी तो वाचला, पण तालुक्याच्या गावातल्या अकरावीच्या मुलाला तो मराठीत मिळाला तर त्याला डिक्शनरीची गरज पडणार नाही. सगळे नकोत. घरगुती संगणकाला लागणाऱ्या वायफाय, ध्वनी, डिस्क आणि प्रिंटरच्या प्रश्नांपासून सुरुवात करा. मी टिपलेल्या माझ्या वहीतल्या नोंदी द्यायला मी तयार आहे. त्या तपासून दुरुस्त करणारा जाणकार हवा आहे.